शिळं पाणी

साठ लिटर पाणी उकळून गार करायला आमच्या घरच्या दोन शेगड्यांवर दीड दिवस लागतो. हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण नवऱ्याच्या डोक्यात गाडी शिरली आणि माझ्या डोक्यात पाणी.

नवरा एसटीत ड्रायव्हर होता, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. वर्षाच्या अंतरानं दोघंही रिटायर झालो. रिटायर झालेली माणसं घराला रंग देतात, गुडघे तपासून घेतात. यांनी एक जुना टेम्पो विकत घेतला. मागच्या हौद्यावर पत्र्याचं छप्पर बसवलं, आत लाकडी पलंग, छोटी शेगडी, बॅटरीवर फिरणारा पंखा, टपावर सोलरची पट्टी. हिवाळ्यात या चालत्या घरातून राजस्थान गाठायचं आणि महिनाभर वाळवंटात फिरायचं. "जल्मभर लोकायले फिरवलं, आता तुले फिरवतो," म्हणाले. असं बोलल्यावर बाईनं नाही तरी कसं म्हणावं? मी हो म्हटलं आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

कारण यांची किडनी. दोन होत्या, त्यातली एक मुतखड्यांनी आधीच खाल्ली होती. उरली एक, तीही दुखरी. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, दिवसाला तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, उकळलेलं. लघवी कमी झाली तर वाट पाहत बसू नका. यांनी त्यातलं काहीच ऐकलं नाही. मी सगळं ऐकलं. तेव्हापासून आमच्याकडे सकाळी 'झोप लागली का' असं कोणी विचारत नाही. मी सरळ विचारते, "झाली का? कशी झाली? रंग कसा होता?" आणि ते वैतागून म्हणतात, "आता का फोटो काढून आनू?"

वाळवंटाआधी आपल्याच जिल्ह्यात आठ दिवस फिरून पाहू, ही अट माझी. नियम मात्र यांचे. कोण्या नातेवाइकाकडे उतरायचं नाही, हॉटेलात जेवायचं नाही, पिण्याचं पाणी बाहेरून घ्यायचं नाही. आणि मुहूर्त काय तर एप्रिलची अखेर. "अजी, ऊन पाहून राहिले का तुमी?" मी म्हटलं. "उन्हातच तर कळन ना वं," ते म्हणाले. म्हणून वीस-वीस लिटरचे तीन कॅन. त्यांना तोट्या लावल्या, गोणपाट गुंडाळलं आणि पलंगाखाली ओळीनं बसवले. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी निळ्या ड्रममध्ये. ते कुठूनही भरलं तरी चालणार होतं.

पाणी बाहेरून घ्यायचं नाही, हा नियम त्यांच्यासाठी खेळ होता. माझ्यासाठी नव्हता. मी तो जन्मापासून पाळत आले.

आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला, पण माझे बाबा लहान असताना ते सगळं अजून पुढं होतं. बाबा दहा वर्षांचे असताना आईबरोबर मालकाच्या शेतात धानाच्या रोवण्याला गेले होते. तहान लागली म्हणून मालकाच्या अंगणात जाऊन उभे राहिले. ओंजळ धरायची, वरून धार पडायची, अशी रीत. धार सुरू झाली, तेवढ्यात ओतणाऱ्या माणसाला कोणीतरी हाक मारली. तो तांब्या घेऊन बोलत बोलत आत गेला आणि विसरला. बाबा ओंजळ धरून उभेच. किती वेळ, ते बाबांनी सांगितलं नाही. ही गोष्टच त्यांनी मला आयुष्यात एकदा सांगितली. पण नियम मात्र रोज सांगितला. कोणाच्या दारात पाणी मागायचं नाही. आपलं पाणी आपल्यासोबत. आणि आपल्याकडे कोणी मागितलं तर लोटा त्याच्या हातात द्यायचा.

म्हणून मी लग्नाला जाते तरी पर्समध्ये बाटली असते. आमच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी आम्ही दोघं बसनं जात असताना गाडी रस्त्यात बंद पडली. यांनी जवळच्या घरून माझ्यासाठी लोटाभर पाणी मागून आणलं. मी प्यायले नाही. सांजेपर्यंत तशीच बसले. "मी बारा गावचं पानी पेलेला मानूस, अन् मले बायको भेटली अशी," हे वाक्य तेव्हापासून मी शंभरदा ऐकलंय. ते हसतात, मीही हसते. पण मला जमत नाही म्हणजे नाही जमत. घसा आवळल्यासारखा होतो.

तर निघालो. आमच्या कारध्याहून पूल ओलांडला तेव्हा वैनगंगेत अर्ध्याहून जास्त वाळूच दिसत होती. यांनी गाणं सुरू केलं. मी कॅनवर पट्ट्या चिकटवल्या होत्या, प्रत्येक दिवसाची एक. पाणी पट्टीच्या खाली गेलं की मी उरलेले दिवस मोजायची. हे तोंड धुवायला चुकून पिण्याची तोटी सोडत, मी ओरडत असे. तिसऱ्या दिवशी सिहोऱ्याच्या अलीकडे एक बकऱ्यावाले म्हातारबाबा गाडीजवळ आले आणि पाणी मागितलं. यांनी लोटा भरून हातात दिला. म्हातारा आधी स्वतः प्यायला, मग त्यानं बकरीच्या पिल्लाला पाजलं, मग पुन्हा लोटा पुढं केला. मी अडवलं नाही, बाबांचा नियम होता. पण संध्याकाळी वरण न शिजवता नुसतं चटणी-भाकरीवर भागवलं. यांना कारण कळलं. "तू वाळवंटात मले मारशील बाप्पा," म्हणाले.

चौथ्या-पाचव्या दिवशी मला दुसरीच चिंता लागली. पाणी संपत नव्हतं, पण बदलत होतं. गोणपाट ओलं ठेवूनही कॅन तापत होते. दुपारी गाडीतला पत्रा हात लावू देत नव्हता. पाण्याला प्लास्टिकचा वास येऊ लागला. यांना प्यायला देताना मी आधी हुंगून पाहायची. पाच दिवसांचं शिळं पाणी त्या एकुलत्या किडनीत ओतायचं? माझ्या शाळेत मी वीस वर्षं एक गोष्ट कधी चुकवली नाही. सकाळी पोरं यायच्या आधी माठातलं कालचं पाणी ओतून टाकायचं, माठ घासायचा आणि हापशीवरून ताजं भरायचं. घरीही तेच. शिळं पाणी झाडाला, ताजं माणसाला.

पाचव्या दिवशी सांजेला आम्ही एकोडीच्या पुढं, जंगलाच्या अंगाला एका टोलीपाशी पोचलो. टोली म्हणजे वीस-पंचवीस घरं. वस्तीपासून बाजूला, मधे धानाच्या कोरड्या बांध्या सोडून, एक शाळा होती. सुट्ट्या लागलेल्या, फाटक उघडं. दोन खोल्या, वऱ्हांडा, अंगणात निंबाचं लहानसं झाड आणि हापशी. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. माझीच शाळा असल्यासारखं वाटलं. मोबाइलला रेंज नव्हती, पण त्याचं काही वाटलं नाही. निळ्या ड्रममधलं उरलेलं पाणी दोघांच्या आंघोळीत संपवून टाकलं. सकाळी हापशीवर भरू म्हटलं. यांनी पंखा लावला आणि झोपले.

पहाटे मला जाग आली. उजाडलं होतं, ऊन नव्हतं. हे कूस बदलून झोपलेले. मी खराटा शोधला, वऱ्हांडा झाडला, अंगण झाडलं. किती दिवसांनी झाडायला अंगण मिळालं होतं! मग गाडीतून शेवटचा कॅन ओढून काढला. पाऊण कॅन, चौदा-पंधरा लिटर पाणी होतं. झाकण उघडलं, हुंगलं, तोच वास. आणि मी तो कॅन निंबाच्या बुडाशी नेऊन आडवा केला. आळं भरलं, माती बुडबुडली. उरलेल्या थोड्या पाण्यात माती घेऊन कॅन आतून खळखळ घासला, तेही ओतलं. खरं सांगते, तेव्हा मला कुठं काही चुकतंय असं वाटलंच नाही. उलट आज यांना ताजं उकळून देऊ, या विचारानं हात भराभर चालत होते.

मग कॅन हापशीखाली लावला आणि दांडा मारला.

खडखड आवाज झाला. पुन्हा मारला. वीसदा मारला. आतून नुसता वारा येत होता. आधी हापशी पाहायची, मग ओतायचं, हे पहिलीतल्या पोरालाही कळेल. मास्तरणीला कळलं नाही. "माय वं," एवढंच तोंडातून निघालं. मी निंबाच्या बुडाशी गेले. आळ्यातलं पाणी मातीनं पिऊन घेतलं होतं, वर फेस उरला होता. मी वेड्यासारखी त्या ओल्या मातीत बोटं घातली.

मनाला समजावलं, की गाडी आहे, सहा वाजता निघू, अर्ध्या तासात कुठलंही गाव. मी रिकामा कॅन पलंगाखाली जागेवर ठेवला. हे उठले, किल्ली फिरवली. गाडी घुर्रर्र करून थांबली. रात्रभर पंख्यानं बॅटरी चाटूनपुसून खाल्ली होती.

"काही नाई," हे म्हणाले, "सोलरची पट्टी हाये ना. दोन-तीन घंट्यात उठन बॅटरी. वाळवंटात असंच करा लागन."

मी म्हणायला हवं होतं, अजी, पाणी संपलं. तीन शब्द. नाही म्हणाले. आधी लाज वाटली म्हणून, आणि लगेच दुसरा विचार आला म्हणून. पाणी संपलं म्हटलं, की समोरच्या टोलीवर जाऊन मागणं आलं. ते समोरचं पहिलं घर मला वऱ्हांड्यातून दिसत होतं. कवेलूंचं, पुढं मांडव. चालत गेलं तर दहा मिनिटं. मी त्या घराकडे पाहायचं टाळत होते.

सात वाजता यांनी पाणी मागितलं. माझ्या पर्समधली बाटली दिली, अर्धा लिटरची. "कॅनमधलं गरम हाये, हे घ्या," म्हटलं. त्यांनी दोन घोट घेतले आणि बाटली परत दिली. "तू पे," म्हणाले. मी पिण्याचं नाटक केलं. आठला पुन्हा दोन घोट. नऊला बाटली संपली. ऊन असं चढलं, की वऱ्हांड्याची सावली पायाशी आली. हे सारखे टपावर चढत, पट्टी पुसत, वायर हलवत. घाम गळत होता. मी मनात तो घाम मोजत होते. "झाली का?" मी विचारलं. "नाई लागली," म्हणाले. पहाटेपासून एकदाही नाही. मी शाळेच्या भिंतीवरचे पाढे वाचू लागले. दोनपासून तीसपर्यंत वाचले. उठले नाही. माणूस स्वतःचा इतका राग करू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. घर समोर, नवरा समोर, आणि ही बाई पाढे वाचते!

अकरा वाजता ते टपावरून उतरले, खाली बसले आणि डाव्या कुशीवर हात दाबला. चेहरा पांढराफटक. ओठांना कड आलेली. "पानी दे वं," म्हणाले. एवढंच.

मी पाण्याची स्टीलची गुंडी उचलली आणि निघाले. मागं पाहिलं नाही. बांध्यांमधून धुऱ्याधुऱ्यानं पळत होते, साठीला टेकलेली बाई, डोक्यावर पदर नाही, चप्पल एकीकडे. बाबा आठवत होते आणि बाबांचा रागही येत होता.

मांडवाखाली माझ्याच वयाची एक बाई मोहफुलं निवडत बसली होती. मला पाहून उठली. "कोटच्या जी तुमी?" तिनं विचारलं. मी म्हटलं, कारध्याचे. "कोनाच्या घरच्या?" मी आडनाव सांगितलं. आडनाव सांगितल्यावर आमच्या भागात माणसाला पुढचं काही विचारावं लागत नाही. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, "मले पानी पाहिजे. नवऱ्याले किडनीचा त्रास हाये. शाळेत बसले हायेत." ती वळून आत गेली.

ती आत गेली आणि मी उभी राहिले. बाबा उभे होते तशी. घशाला कोरड पडली होती, कालपासून मीही फारसं प्यायले नव्हते. आत भांड्याचा आवाज झाला. ती पाण्यानं भरलेला लोटा घेऊन बाहेर आली आणि मी काय केलं सांगू? मी गुंडी खाली ठेवली, वाकले आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं धरली. आयुष्यात कधी धरली नव्हती. कोणी शिकवली नव्हती. हात आपोआप जुळले.

ती बाई थबकली. "हे काय करून राहिल्या जी?" तिचा आवाज चढला. "लोटा घ्या ना हातात! मी का देव हाये का वरून ओताले?" तिनं माझी ओंजळ सोडवली आणि लोटा हातात कोंबला. मी तिच्या दारात, तिच्या लोट्यानं, तिचं पाणी प्यायले. घसा आवळला नाही. मी मोठ्यानं रडत होते, आणि ती बाई बिचारी घाबरून घरात नवऱ्याला हाका मारत होती.

तिच्या घरातही पाण्याचे दोनच गुंड भरलेले होते. टोलीची विहीर तळाला गेलेली. त्यातला एक गुंड तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि माझ्याबरोबर शाळेत आली. मागून तिचा नवरा ट्रॅक्टर घेऊन आला. त्याच्या बॅटरीवरून आमची गाडी सुरू झाली. हे पाणी प्यायले, पण आता पाणी पोटात टिकत नव्हतं. वेदनेनं वळवळत होते. ट्रॅक्टरवाल्या दादानंच आमची गाडी चालवत आम्हाला दवाखान्यात नेलं. रस्ताभर मी यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि विचारत होते, "झाली का? लागली का?"

डॉक्टरांनी सलाइन लावलं, तपासण्या केल्या. खडा अडकला होता आणि वरून अंगातलं पाणी संपलं होतं. खडा काढला. "चार तास आधी यायला हवं होतं," ते म्हणाले. चार तास. मी पाढे वाचत होते ते.

तिसऱ्या दिवशी यांना बोलायची ताकद आली. मी त्यांना सगळं सांगायचं ठरवलं होतं. "अजी, त्या दिवशी पानी संपलं नव्हतं. मी ओतलं होतं," मी सुरू केलं.

"मालूम हाये," ते म्हणाले. "मी जागाच होतो. निंबाले पानी देऊन राहिली होतीस."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. मग डोकं भणाणलं. "पाहिलं तुमी? अन् बोलले काहून नाई? त्या घरी जाऊन मांगून आनलं काहून नाई? तुमाले तर कोनाचंबी चालते!"

"मी आनलं असतं तर तू पेली नसतीस," ते म्हणाले. "लग्नाच्या वर्साले पेली का? उन्हात तूबी तर तशीच बसून होतीस. म्हटलं, ही मांगाले गेली तर पेईल तरी."

मी त्यांना त्या वॉर्डात सगळ्यांसमोर काय काय बोलले ते लिहीत नाही. मरायचं होतं का तुम्हाला, माझ्या बापाच्या ओंजळीसाठी स्वतःची किडनी वाळवली का, असं बरंच. नर्स येऊन मला गप्प करून गेली. शेवटी त्यांनी विचारलं, "लोटा हाती देल्ला ना तिनं?" मी हो म्हटलं. "बेस झालं," म्हणाले आणि डोळे मिटले.

किडनी पहिल्यासारखी झाली नाही. काही महिन्यांनी पायांना सूज आली, श्वास लागू लागला. आता डॉक्टरांनी उलटं सांगितलंय, दिवसाला एक लिटर, चहा-वरणासकट. त्यापेक्षा जास्त झालं तर ते पाणी अंगातच साचतं. टेम्पो अंगणात उभा आहे. त्यातला एक कॅन मी घरात आणून ठेवलाय, आणि त्याला पुन्हा पट्ट्या चिकटवल्यात.

आता आमच्या घरात दुपारी उन्हं चढली की ते पलंगावरून हात पुढं करतात. "अर्धा गिलास दे ना वं," म्हणतात. मी कॅनवरची पट्टी पाहते आणि नाही म्हणते. ते थोडा वेळ हात तसाच पुढं धरून ठेवतात.